बंब, गिझर आणि पाण्यांतील चुन्याचें पुट

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आमच्या शेतकरी बंधूंच्या न्हाणीघरांत गेल्या पिढींत मोठा पालट झाला आहे. पूर्वीं ज्या ठिकाणीं चुलाणावर तपेलें, किंवा फार तर तांब्याचा बंब असे, त्या ठिकाणीं आतां विजेचा गिझर, बादलींत सोडावयाचा रॉड किंवा छपरावरील सौरबंब दिसूं लागला आहे. चुलाणें अद्याप गेलीं नाहींत. पाड्यांवर व वाड्यांवर तीं आहेतच, आणि ज्यांच्या घरीं गिझर आहे त्यांच्याहि परसांत वीज गेली म्हणजे बंब पेटतो. साधनें बदललीं, परंतु त्यांच्या पोटांत सांचणारें पांढरें पुट तेंच राहिलें आहे. आणि ज्या घरीं विहीर सुटून बोअरचें पाणी आलें तेथें तें बहुधा वाढलेंच आहे. हें पुट कशाचें असतें, त्यापासून नुकसान कोणतें, तें काढावें कसें, आणि काढतांना जीव कसा सांभाळावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पावसाचें पाणी मूळचें मृदु असतें. आकाशांतून पडतांना तें हवेंतील थोडा कार्बन डायऑक्साइड वायु आपल्यांत घेतें, आणि जमिनींत मुरतांना कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यांतून व मुळांच्या श्वासोच्छ्वासांतून निघणारा तोच वायु त्याहून पुष्कळ अधिक घेतें. त्यामुळें त्यास अत्यंत सौम्य असा आंबटपणा येतो. आमच्या भागाचा खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून झालेला काळा पाषाण. त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं द्रव्यें भरपूर आहेत. हें आंबूस पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतां झिरपतां तीं द्रव्यें विरघळवून घेतें व बायकार्बोनेटच्या रूपानें आपल्याबरोबर नेतें. विहीर खणतांना खडकाच्या पोकळ्यांतून पांढरे चकचकीत स्फटिक निघतात व पोरें ते खेळावयास नेतात, हें बहुतेकांनीं पाहिलें असेल. त्यांतले कांहीं चुन्याचे, म्हणजे कॅल्साइटचे, असतात व कांहीं निराळ्या जातीचे. पूड करून तीवर लिंबाचा रस पिळला असतां जिच्यावर बारीक फेस येतो ती चुन्याची समजावी. ज्या खडकांत असा चुना बसलेला आहे त्यांतून आलेल्या पाण्यांत तो उतरणारच.

उथळ विहिरीच्या पाण्यांत व खोल बोअरच्या पाण्यांत बहुधा भेद पडतो तो याच कारणानें. विहिरींत दर पावसाळ्यास नवें पाणी शिरतें, जुनें उपसलें जातें. खोल भेगांतील पाणी खडकाशीं दीर्घ काळ संगत करून असतें, म्हणून त्यांत क्षार अधिक उतरतात. सर्वच बोअर जड असतात असें मात्र नव्हे. एकाच शिवारांतील दोन बोअरच्या पाण्यांत अंतर पडूं शकतें. तसेंच आपल्याकडे पाऊस धो धो पडून जमीन धुऊन निघत असल्यामुळें घाटावरील कोरड्या मुलखाइतकें जडत्व आपल्या पाण्यांत साधारणपणें नसतें, हेंहि सांगितलें पाहिजे. सर्वांत मृदु पाणी पावसावर भरणाऱ्या तलावांचें. तानसा तलावाचें काम १८९२ सालीं पुरें झालें आणि पुढें भातसेचें धरण झालें. शहापूर तालुक्यांतील हें मृदु पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक वस्त्यांस उन्हाळ्यांत बोअर व टँकर यांवर दिवस काढावे लागतात. तो विषय स्वतंत्र आहे व वाचकांस तो नवा नाहीं. येथें त्यांतला एवढाच भाग घ्यावयाचा कीं, ज्याच्या वांट्यास जड पाणी आलें त्यालाच पुटाचा बंदोबस्त करावा लागतो.

आतां पाणी तापलें म्हणजे काय होतें तें पाहूं. बायकार्बोनेट हें रूप थंड पाण्यांतच टिकतें. पाणी तापूं लागलें कीं विरघळलेला वायु बुडबुड्यांच्या वाटेनें निघून जातो, आणि त्याच्या आधारानें पाण्यांत राहिलेला चुना निराधार होऊन कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानें बाहेर पडतो. जेथें उष्णता सर्वांत अधिक तेथें तो प्रथम व घट्ट बसतो; म्हणून बंबाच्या मधल्या नळीवर, रॉडच्या वेटोळ्यावर आणि गिझरच्या कॉइलवर पुट जाड, आणि भांड्याच्या बाहेरच्या अंगास पातळ दिसतें. ह्या जडत्वास तात्पुरतें जडत्व म्हणतात, कारण तें उकळल्यानें जातें. सल्फेट व क्लोराइड यांच्या रूपानें असणारें कायमचें जडत्व निराळें. तें उकळल्यानें जात नाहीं, साबण मात्र खातें.

थोडा हिशेब करून पाहणें उपयोगाचें होईल. समजा, एखाद्या बोअरच्या पाण्यांत दर लिटरमागें ३०० मिलिग्रॅम इतकें तात्पुरतें जडत्व आहे, आणि कुटुंबांत रोज १०० लिटर पाणी तापतें. त्यांतील सर्व चुना खालीं बसला तर रोजचे ३० ग्रॅम, म्हणजे वर्षाचे जवळजवळ ११ किलो होतील. न्हाण्याच्या पाण्यास उकळी आणीत नाहींत, म्हणून सर्व चुना बसत नाहीं. दहावा हिस्साच बसला असें धरलें, तरी वर्षाकांठीं एक किलोहून अधिक दगड आपल्या बंबाच्या अगर गिझरच्या पोटांत तयार होतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्यें एकूण जडत्वाची इष्ट मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरें पाणी नसेल तेथें चालवून घेण्याजोगी मर्यादा ६०० मिलिग्रॅम ठेविली आहे. म्हणजे ३०० मिलिग्रॅमचें पाणी पिण्यास अयोग्य ठरत नाहीं. पोटास तें बाधत नाहीं, बंबास बाधतें. जड पाण्यानें मुतखडा होतो अशी जी धास्ती गांवोगांव ऐकूं येते तिच्यापायीं कोणीं घाबरून जाऊं नये. पाणी कमी पिणें हें त्या विकाराचें अधिक खात्रीचें कारण आहे.

आपलें पाणी जड आहे कीं नाहीं याची घरगुती परीक्षा गृहिणींस ठाऊकच आहे. ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, ज्यांत साबणास फेस न येतां दह्यासारखा साका तरंगतो, आणि ज्याचा थेंब स्टीलच्या ताटलीवर सुकला असतां पांढरा डाग राहतो, तें पाणी जड. डाळीपुरतें पाणी विहिरीवरून आणावयाचें व बाकी कामास बोअरचें वापरावयाचें, हा परिपाठ पुष्कळ घरांत आहे, आणि तो शास्त्राला धरूनच आहे. आंकडाच हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेंत पाणी तपासतां येतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनखालीं गांवांकरितां पाणी तपासण्याच्या ज्या पेट्या देण्यांत आल्या, त्यांतहि जडत्वाची परीक्षा आहे. आपल्या ग्रामपंचायतींत ती पेटी कपाटांत बंद असेल तर ती उघडावयास लावावी. आमचें आयुष्य दप्तरांत गेलें, म्हणून एक गोष्ट सुचल्यावांचून राहत नाहीं: गांव नमुना १२ मध्यें जलसिंचनाच्या साधनास रकाना आहे, परंतु तें पाणी जड कीं मृदु यास कोठेंच रकाना नाहीं. तो ज्यानें त्यानें आपल्या वहींत करून घ्यावा, आणि पावसाळ्यानंतरचा व वैशाखांतला असे दोन आंकडे लिहून ठेवावे. दोहोंत पुष्कळदां फरक दिसेल.

पुटापासून नुकसान काय, याविषयीं बराच गैरसमज आहे. पुट बसलें कीं वीज दुप्पट लागते, असें विक्रेते सांगतात. हें खरें नाहीं. गिझरची कॉइल अगर रॉड हा पाण्यांत बुडालेला असतो. त्यांत शिरलेली उष्णता पुटांतून वाट काढीत अखेर पाण्यांतच येते, तिला जावयास दुसरी जागा नसते. खरें नुकसान निराळें आहे. पुट उष्णतेस अडवितें, म्हणून आंतली धातूची नळी पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक तापते, तिला चिरा पडतात, आणि तीमधून पाणी आंतल्या विद्युत्तारेपर्यंत पोंचतें. त्या क्षणापासून बादलींतलें पाणी हें पाणी राहत नाहीं. तें विजेच्या तारेचेंच टोंक होतें. हिंवाळ्याच्या पहाटे ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून त्यांत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेततें, तें ह्यामुळें. विजेचें बिल हा प्रश्न गौण आहे.

चुलीवरच्या भांड्याची व बंबाची गोष्ट याहून वेगळी. तेथें उष्णतेस धुराड्याची वाट मोकळी असते. पातळ पुटानें सरपण फारसें अधिक लागत नाहीं. तें बोटभर जाड झालें म्हणजे मात्र पाणी तापावयास वेळ लागूं लागतो व जाळ वरच्या वर निघून जातो. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बंब उशिरां तापूं लागला कीं घरचीं माणसें पुटास दोष देतात, आणि मधल्या नळीच्या आंतल्या अंगाची काजळी मात्र वर्ष वर्ष खरवडीत नाहींत. काजळीहि उष्णतेस अडवितेच, आणि ती काढावयास कांहीं खर्च नाहीं. लांब दांड्याचा कुंचा व दहा मिनिटें पुरतात. ती आधीं काढावी व मग पुटाकडे वळावें. जाड पुटाचा बंबास खरा धोका डाखाचा आहे. कथील व शिसें यांचा डाख सुमारें १८३ अंशांस वितळतो. नळीचें तांबें पाण्याला लागून असतें तोंपर्यंत तें एवढें तापत नाहीं. मध्यें दगडाचा थर आला म्हणजे तापूं शकतें, आणि एक दिवस भर जाळावर नळीचा सांधा सुटून सगळें पाणी विस्तवांत येतें. रिकामा बंब पेटविला असतां जें घडतें तेंच येथें भरल्या बंबांत घडतें.

आगगाडीवाल्यांस ही विद्या फार पूर्वींपासून अवगत होती. १८६५ सालीं थळ घाटांतून कसाऱ्यावरून इगतपुरीस गाडी जाऊं लागली, तेव्हांपासून वाफेच्या इंजिनांच्या सबंध काळांत पाणी हा कोळशाइतकाच मोलाचा पदार्थ होता. इंजिनाच्या बॉयलरांत पुट जमलें तर भट्टीचा पत्रा लाल होऊन फाटतो. म्हणून ठराविक दिवसांनीं इंजिन थंड करून, झांकणें उघडून, जोराच्या फवाऱ्यानें व लोखंडी सळयांनीं बॉयलर धुऊन काढीत. कितीहि काम तुंबलें तरी ही धुलाई चुकवीत नसत. आपला गिझर हा लहान बॉयलरच होय.

पुट काढण्याचें तत्त्व साधें आहे. चुना हा आंबटास वश होतो. आम्ल घातलें कीं कार्बोनेट फुटून वायु निघतो व चुना विरघळतो. जो फेस दिसतो तो ह्या वायूचा. आतां आंबट कोणतें घ्यावयाचें एवढाच प्रश्न. चिंच, आमसूल व लिंबू हीं आपल्या घरचीं आहेत व तांब्यापितळेची झळाळी आणण्यास त्यांच्यासारखें दुसरें नाहीं. परंतु जाड पुटाच्या मानानें त्यांतलें आम्ल थोडें पडतें. किराणा दुकानीं लिंबूफूल म्हणून जें पांढरें खडेदार द्रव्य मिळतें, म्हणजे सायट्रिक आम्ल, तें ह्या कामास सर्वांत बरें. तें स्वस्त आहे, त्याचा धूर नाहीं, आणि हातावर उडालें तरी पाण्यानें धुतलें कीं भागतें. मात्र डोळ्यांस जपावें व हातास चीर असेल तर रबरी मोजे घालावे. एक किलो पुट सबंध विरघळवावयाचें तर सुमारें १ किलो ४०० ग्रॅम लिंबूफूल लागतें. यावरून हेंहि कळेल कीं, जेवढें पुट हातानें खरवडून निघेल तेवढें आधीं काढावें व चिकटून राहिलेल्यापुरतेंच आम्ल खर्चावें. दर लिटर पाण्यास ५० ग्रॅम हें प्रमाण पुरें आहे. पाणी कोमट असावें, कढत नसावें. कढत व तीव्र द्रावांत चुन्याचा सायट्रेट नांवाचा पांढरा गाळ बनून तोच उलट चिकटून बसतो. फेस यावयाचा थांबला आणि पुट शिल्लक असेल तर आम्ल संपलें असें समजावें व द्राव बदलावा.

बंबाची रीत अशी. विस्तव विझवून बंब पुरता निवूं द्यावा, पाणी सोडून द्यावें, तोटी उतरतां येत असेल तर उतरून वेगळी भिजत घालावी, कारण पुष्कळ वेळां पाणी बारीक येण्याचें कारण तोटींतला चुनाच असतो. तोटीच्या भोकास लाकडाची गुडदी मारून बंबांत लिंबूफुलाचा कोमट द्राव नळी बुडेपर्यंत भरावा. वरचें तोंड उघडें ठेवावें. वायूस वाट पाहिजे. तीन चार तासांनीं द्राव काढून, लाकडी काठीस काथ्या बांधून नळी घांसावी, दोन तीन पाण्यांनीं खळबळून धुवावें. हातोडीनें ठोकून पुट पाडण्याची जी खोड आहे ती सोडावी. तांबें पिचतें व सांधा हलतो. आम्ल आंत असतांना खालीं विस्तव मुळींच घालूं नये. आंतून कल्हई असेल तर रात्रभर आम्ल ठेवूं नये, दोन तासांत उरकावें. धुतल्यावर पहिलें भरलेलें पाणी तापवून फेंकून द्यावें, आणि बंबाचें पाणी न्हाण्यासच वापरावें, पिण्यास नव्हे. आंबटाच्या संगतीनें तांब्याचा अंश पाण्यांत उतरलेला असतो.

जर्मनच्या तपेल्यास हीच रीत, परंतु वेळ अर्धा तास. धुण्याचा सोडा जर्मनच्या भांड्यास लावूं नये. तो धातूच खातो आणि पुट तसेंच राहतें. खाण्याचा सोडा व लिंबू एकत्र करून लावण्याची एक युक्ति अलीकडे बरीच पसरली आहे. दोहोंच्या मिश्रणानें खळखळून फेस येतो, आणि फेस आला म्हणजे काम झालें असें वाटतें. वस्तुतः सोड्यानें लिंबाचा आंबटपणा मारून टाकिलेला असतो. तो फेस सोड्याचा, पुटाचा नव्हे. सोडा व लिंबू दोन्ही फुकट जातात.

रॉडकरितां उंच व अरुंद प्लॅस्टिकचें भांडें घ्यावें. रॉड भिंतींतील खुंटीपासून सोडवून, म्हणजे पिन हातांत घेऊनच, कामास आरंभ करावा. वेटोळें तेवढें द्रावांत बुडवावें. वरची मूठ व जेथें तारा आंत शिरतात ती जागा कोरडी राहिली पाहिजे. तासा दोन तासांत पुट गळून पडतें. नंतर धुऊन, दिवसभर सुकवून, उजेडांत धातू नीट पाहावी. कोठें चीर, फोड अगर हिरवट काळा डाग असेल, तर तो रॉड मोडींत द्यावा. दुरुस्तीच्या भरीस पडूं नये. आणि वापरण्याचा नियम घरांतील प्रत्येक माणसास, विशेषतः मुलांस व म्हाताऱ्यांस, शिकविला पाहिजे: आधीं रॉड पाण्यांत, मग बटण; काढतांना आधीं बटण बंद, मग पिन बाहेर, मग रॉड, आणि त्यानंतरच पाण्यास हात. पाणी तापलें कीं नाहीं हें बटण चालू असतांना बोट घालून पाहणें ही संवय जीवघेणी आहे. तीन पिनांचा रॉड दोन भोकांच्या खुंटींत बसविण्यासाठीं मधली मोठी पिन कापून टाकितात, असें कित्येक घरांत दिसतें. ती पिनच वीज जमिनींत उतरविणारी असते. घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक, ज्यास कारागीर आर.सी.सी.बी. म्हणतात, बसवून घ्यावा व त्याची परीक्षेची कळ महिन्यांतून एकदां दाबून पाहावी. एका म्हशीच्या किंमतीपुढें हा खर्च कांहींच नाहीं, आणि येथें प्रश्न म्हशीचा नाहीं.

गिझर उघडणें हें शिकाऊ हाताचें काम नव्हे; तें तारतंत्र्याकडून करवावें. परंतु तो काय करतो यावर मालकाची नजर असावी. मुख्य कळ बंद झाली पाहिजे, केवळ न्हाणीघरांतलें बटण नव्हे. येणारें पाणी बंद करून, गरम पाण्याचा नळ उघडून, टांकी निवल्यावर रिकामी करावी. कॉइल तिच्या चकतीसह बाहेर काढून वरील प्रमाणाच्या द्रावांत भिजवावी, आणि टांकीच्या तळचा चुना हातानें व पाण्याच्या धारेनें काढावा. पुष्कळ गिझरांत टांकीच्या बचावासाठीं मॅग्नेशियमची एक कांडी असते. गंज टांकीस न लागतां तिला लागावा एवढ्याकरितां ती असते. आम्लांत ती विरघळते, म्हणून टांकींत आम्ल भरावयाचें झाल्यास कांडी आधीं काढली पाहिजे. ती झिजून तार उरली असेल तर नवी घालावी. जड पाण्याच्या गांवीं दर वर्षीं पाहणें बरें. चकतीखालचें रबराचें वायसर नवें बसवावें. जोडणी झाल्यावर प्रथम पाणी भरावें, गरम नळांतून अखंड धार येऊं लागल्यावांचून कळ सुरू करूं नये. रिकाम्या टांकींत कॉइल क्षणांत जळते.

ह्यांत सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दाब सोडणारी झडप. थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी उकळून वाढणारा दाब तिनेंच बाहेर टाकावयाचा असतो. चुना तिच्या तोंडांत बसून ती जाम होते, आणि बाहेरून तें दिसत नाहीं. तिची दांडी हलत नसेल तर झडप बदलावी. थेंब थेंब पाणी गळतें म्हणून तिच्या तोंडास खिटी मारणारे कारागीर आहेत; अशा कारागिरास घरांतून बाहेर काढावें. गॅसच्या गिझरची नळी अरुंद असल्यानें ती लवकर चोंदते व पाण्याची धार बारीक होते. तिच्यांतून द्राव फिरविण्याचें काम जाणत्याकडून करवावें. तो गिझर बंद न्हाणीघराच्या आंत बसवूं नये, कारण त्याच्या विषारी वायूचा धोका पुटाच्या धोक्याहून मोठा आहे.

सौरबंब दोन जातींचे असतात. कांचेच्या नळ्यांचा जो असतो त्याच्या नळ्या रुंद असल्यामुळें चुना तळाशीं गाळासारखा बसतो व त्यास बराच काळ चालतें. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पेटीचा जो असतो त्यांत मात्र नळ्या चोंदून पाणी फिरेनासें होतें. दोन्हींची टांकी वर्षांतून दोनदां तळच्या बुचांतून धुऊन काढावी. हें काम पहाटे करावें. उन्हांत तापलेल्या रिकाम्या कांचेच्या नळींत थंड पाणी सोडलें कीं ती फुटते.

येथें आम्हांस एक कळकळीची सूचना करावयाची आहे. आपल्याकडे भेंडी, काकडी व कारलीं यांच्या प्लॉटांत ठिबकाच्या नळ्यांचीं तोंडें ह्याच चुन्यानें बंद होतात, आणि तीं मोकळीं करण्यास हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. त्यांतली उरलेली बाटली घरीं असते, आणि तीच बंबांत ओतण्याचा मोह होतो. पुट जातें खरें, झपाट्यानें जातें. पण पाठोपाठ जस्ताचा मुलामा, जर्मन व डाख हेहि जातात, स्टीलला बारीक छिद्रें पडतात, आणि कोंदट न्हाणीघरांत त्याचा धूर छातींत जातो. याहून भयंकर गोष्ट अशी कीं, विहिरींत टाकण्याची टी.सी.एल. पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुष्कळ घरांच्या न्हाणीघरांत ठेवलेली असते. ती आणि कोणतेंहि आम्ल यांचा संयोग झाला कीं क्लोरीन हा विषारी वायु सुटतो. ह्याच वायूचा पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं ईपर येथें सैन्यावर प्रयोग झाला होता. न्हाणीघर धुण्याची पावडर व पुट काढण्याचें आम्ल, मग तें लिंबूफूल कां असेना, एकाच दिवशीं एकाच मोरींत पडूं देऊं नयेत. ठिबकाचें आम्ल शेतावरच्या खोलींत कुलपांत असावें.

पुट कमी बसावें म्हणून काय करतां येईल? पहिली गोष्ट पैशाशिवाय होण्याजोगी आहे. गिझरचा कांटा ७० अंशांवर ठेवून मागाहून निम्मेंनिम्म थंड पाणी मिसळण्याची चाल सोडून तो ५० ते ५५ च्या आसपास ठेवावा. जितकें तापमान चढें तितका चुना अधिक पडतो. दुसरी, न्हाण्याच्या पाण्यापुरती जुनी विहीर पुन्हां उपसून वापरांत आणावी. तिसरी, पागोळ्यांचें पाणी धरावें. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. ४० चौरस मीटरच्या कौलावर ५० मिलिमीटरची एक सर आली तर हिशेबानें २,००० लिटर. पहिल्या एक दोन पावसांचें धुवण सोडून पुढचें पाणी टांकींत घेतलें, तर सौरबंबास व बंबास निदान कांहीं महिने मृदु पाणी मिळतें.

मिठानें चालणारीं पाणी मृदु करण्याचीं यंत्रें काम चोख करतात. परंतु तीं चुन्याच्या जागीं सोडियम घालतात, आणि त्यांचें धुवण खारट असतें. तें धुवण अगर तें मृदु केलेलें पाणी परसांतल्या केळींस व भाजीस घालूं नये. जमीन चोपण होते. नळास बाहेरून लोहचुंबक बांधून पुट थांबतें असें सांगून विकणारे फिरतात. त्यावर पैसा खर्चूं नये असें आमचें मत आहे. तेवढ्यांत दोन वर्षांचें लिंबूफूल येतें.

वर्षाचा क्रम म्हणाल तर जड पाण्याच्या घरीं रॉड महिन्यास, बंब तीन महिन्यांस, गिझर वर्षांतून एकदां दिवाळीच्या आधीं पाहावा. मृदु पाण्याच्या घरीं याच्या दुप्पट मुदत चालेल. वापरलेला लिंबूफुलाचा द्राव चौपट पाणी घालून उकिरड्यावर अगर खताच्या खड्ड्यांत ओतावा, रोपांच्या बुंध्याशीं नव्हे. खरवडून निघालेलें पुट म्हणजे कुटलेला चुनाच असतो. आपल्या आंबट तांबड्या जमिनीस तो वर्ज्य नाहीं, पण शेराच्या मापानें निघणाऱ्या चुन्यानें एकराचें कांहीं होत नाहीं, म्हणून तो परसांतल्या शेवग्याच्या आळ्यांत टाकला म्हणजे झालें.